डाव्या पंखाचे टाके

लातूर जिल्हा नवा झाला त्याला वर्षही भरलं नव्हतं. उदगीरच्या पदरात एवढंच पडलं, की अर्ज आता उस्मानाबादऐवजी लातूरला टाकायचे. टँकर जुनाच, तोही गळका. विहिरी आटल्या तसे पंप बंद पडले, आणि पंपाच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या गुरुबसप्पाचे हात रिकामे झाले. रिकामे हात काय करतील नेम नाही. त्यानं शेडात विमान बांधायला घेतलं. लाकडाचा सांगाडा, पंखांना बांबूच्या फासळ्या, मोडीतल्या गाडीचं इंजिन.

बांबूवर कापड ताणून शिवणारा हात गावात एकच होता, सिद्धम्माचा. त्यांच्या समाजात मेलेल्या माणसाला मांडी घालून, डोलीत बसवून स्मशानात नेतात. त्या डोल्यांचं कापड ती चाळीस वर्षं शिवत आली. नवऱ्याची डोलीही तिनंच शिवली, रडणाऱ्या दिरांना बाजूला सारून. दुष्काळी कामावर मुकादम अगंतुगं करून बोलला, तेव्हा हातोडा त्याच्या पायाशी टाकून घरी आलेली बाई.

"मेल्याचं शिवती, आता जित्याचंबी शिवनार व्हय?" शेजारच्या चतुराबाईनं टोमणा मारला.

"तुझं तोंडबी शिवीन. बस हितं."

दोन्ही पंख शिवून झाले. वरून झोंबऱ्या वासाचा लेप दिला, तसं कापड हलगीसारखं ताणलं. पंधरा दिवसांनी, शनिवारी सकाळी, गुरुबसप्पा दारात उभा.

"अव्वा, डावा पंख ढिला पडून राहिलाय. उजवा टणक हाय."

"मग दे अजून एक हात लेपाचा."

"दोनदा दिला. वाळला की कापड पुन्हा उचलतंय. उद्या उडलोच पायजे. सोमवारपासून तळ्यातला गाळ काढायला लोक लागनार. मग विमान धावायला जागाच न्हाई."

ती शेडात आली. पत्रा तापलेला, वाऱ्याचं नाव नाही. तरी डाव्या पंखाचं कापड हळूच फुगलं, खाली बसलं, पुन्हा फुगलं. झोपलेल्या माणसाचं पोट हलावं तसं. तिनं तळवा टेकवला. कापड कोमट होतं आणि तळव्याखाली उचलत होतं. तिनं हात काढून पदराला पुसला.

फासळीजवळ बोट घालून तिनं दोरा ओढला. दोरा आला. अजून ओढला, अजून आला. सुळसुळत, कुठं न अडता, हातभर, दोन हात. एकही गाठ नाही.

गुरुबसप्पानं शिवायच्या वेळी बजावलं होतं, दर टाक्याला गाठ, नाहीतर वर हवेत कापड फासळ्यांवरून सुटेल आणि माणूस दगडासारखा खाली येईल. गाठी मारल्याचं तिला पक्कं आठवत होतं. उजव्या पंखावर एकेक गाठ बोटाला लागली. बिनगाठीचं ती एकच शिवायची, डोलीचं. सासूनं शिकवलेलं : जाणाऱ्याला अडकवायचं नाही.

"बसू, डावा शिवला तवा तू कुठं हुतास?" तिनं गुरुबसप्पाला विचारलं.

"आत बसलेलो की. बसायची सवय करून राहिलो हुतो. मांडी घालून, डोळे मिटून."

बांबू, कापड आणि आत मांडी घालून बसलेला माणूस. सिद्धम्माच्या हातानं तेवढं बघितलं आणि तिला न विचारता आपलं काम केलं.

"डोली शिवली रे मी तुझी."

तो हसला, पण अर्धवट. "कायतरीच, अव्वा. वरून पट्टी चिकटवू. भागंल."

तिनं कात्री घेतली. तो "अव्वा, अव्वा" करेपर्यंत डावा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडा केला.

"आता चिकटव पट्टी."

नवं कापड आलं. तो सवयीनं आत चढायला गेला, तशी ती कडाडली, "बसायचं न्हाई! माझ्यासमोर हुबा ऱ्हा. बोलत ऱ्हा."

"काय बोलू?"

"शिव्या दे. पर गप हू नको."

तो टँकरवाल्याला, तलाठ्याला, इंजिनाला शिव्या घालत राहिला. जरा थांबला की तिचा अंगठा गाठीवरून निसटायचा, आणि ती ओरडायची, "बोल!" दिवे लागायच्या वेळेला शेवटचा टाका पडला. तिनं सगळे दोरे ओढून पाहिले. एकही हलला नाही. मग लेप दिला.

रविवारी तळ्याच्या भेगाळल्या तळात विमान उभं राहिलं. "हात हालवत ऱ्हा," तिनं त्याला बजावलं. सारं गाव पंखाकडं बघत होतं, ती त्याच्या हाताकडं. विमान खडखडत धावलं, बाभळीएवढं वर गेलं. हात हलत होता. मग थांबला. तो ताठ, मान सरळ, निश्चल बसलेला, आणि त्याच्या दोन्ही अंगांना ताणलेलं पांढरं कापड. डोलीत बसवल्यासारखा.

चाकं भेगांवर आपटली, विमान घसपटत थांबलं. ती अनवाणीच पळाली.

"अव्वा, कापड हाललंसुदिक न्हाई!" तो आतूनच ओरडला. "दांडा सांभाळायला दोन्ही हात लागत हुते, म्हनून—"

"उतर," ती म्हणाली. तिनं त्याचं मनगट धरलं, ते गार होतं. "बोलनं मागून. आधी तितनं ऊठ."