दुर्गामावशीनं निवडलेला दांडा

जाफराबादच्या एसटी स्टँडसमोरचं सायकलचं दुकान मुळात रामकिसनचं. चौऱ्याऐंशी साली त्याला जालन्याच्या जिनिंग मिलमध्ये फिटरची नोकरी लागली आणि दुकान विकायचं घाटू लागलं. तेव्हा त्याची बायको दुर्गाबाई म्हणाली, "विकता कशाला? मी बसते." बाजारातले लोक हसले. दोन वर्षांत तेच लोक वाकड्या चाकाचा आउट काढायला तिच्याकडे येऊ लागले.

दोन हजार सात साली कापडवाले मूलचंदशेठ एके सकाळी मुलीला घेऊन आले. राजकुमारी पुण्याला शिकायची, डोंगरातल्या सायकल शर्यतीत भाग घ्यायची. दिवाळीला ती घरी आली होती आणि पंधरा दिवसांवर शर्यत होती. तिनं पिशवीतून सीटचे दोन काळे दांडे काढले. पुण्याच्या दुकानदारानं तिला दोन्ही बघायला दिले होते, एक ठेवून एक परत करायचा होता.

"मावशी, हे कार्बनचे आहेत. ॲल्युमिनियमच्या दांड्यानं कंबर धरते. हा आखूड बसवा, वजनाला हलका आहे."

दुर्गाबाईनं दांडा हातात तोलला. असलं काही तिनं पाहिलं नव्हतं, पण घाईही केली नाही. "आधी सायकलवर बस पोरी. टाच पायडलवर ठेव."

राजकुमारी बसली. पायडल तळाशी होतं, तरी गुडघा चांगलाच वाकलेला.

"सीट खाली हाय तुही. कंबर त्याच्यानंबी धरती." तिनं सीट वर घेतली, पाय सरळ झाला. पण जुन्या दांड्यावरची रेघ फ्रेमच्या बाहेर आली. "ह्या रेघेपर्यंत दांडा आत पाहिजे. न्हाई तर फ्रेम चिरती. हा आखूड दांडाबी तेवढाच हाय, तुह्या उंचीला चालायचाच न्हाई. लांबच घ्यावा लागंल."

"पण तो चाळीस ग्रॅमनं जड आहे!"

"चाळीस ग्रॅम म्हंजे एक घोट पाणी. घोटभर पाणी कमी ने."

राजकुमारी हसली आणि लांब दांडा पुढे केला. सोबतच्या कागदावर काय लिहिलंय ते दुर्गाबाईनं तिला वाचायला लावलं. ग्रीस लावू नये, जास्त आवळू नये. तेवीस वर्षं ती प्रत्येक दांड्याला ग्रीस लावत आली होती. तिनं डबा बाजूला सारला, दांडा कोरडाच घातला आणि पान्हा दोन बोटांत धरून बोल्ट हलकाच आवळला.

"आणखी आवळा ना, सरकेल तो," मूलचंदशेठ म्हणाले.

"लोखंडाचा असता तर गच्च आवळला असता शेठ. हा चेपंल."

राजकुमारी पूर्णा नदीच्या पात्राकडच्या गोट्यांच्या रस्त्यानं चक्कर मारून आली. सीट बोटभर खाली बसली होती. मूलचंदशेठनी बोल्टकडे बोट दाखवलं. दुर्गाबाई क्षणभर खजील झाली, पण बोल्ट आणखी आवळला नाही. तिनं दांडा काढला, फ्रेमच्या नळीत बोट घातलं. बोट काळं झालं.

"जुनं ग्रीस हाय आत. मीच बघितलं न्हाई."

तिनं रॉकेलची चिंधी गजाला गुंडाळून नळी आतून घासली, मग दोन कोऱ्या चिंध्या फिरवल्या, शेवटची पांढरी निघेपर्यंत. नळी पुरती वाळल्यावर दांडा परत बसवला, बोल्ट पहिल्याइतकाच आवळला. ह्या वेळी राजकुमारी दोन चकरा मारून आली आणि सीट तसूभर हलली नव्हती.

"कंबर?" दुर्गाबाईनं विचारलं.

"आहे का नाही तेच कळत नाही!"

शर्यतीत राजकुमारी चौथी आली. तिनं एसटीडीवरून शेठच्या दुकानात फोन करून दुर्गामावशीला मुद्दाम बोलावून घेतलं आणि सगळ्या उताराचं वर्णन करून सांगितलं.

संक्रांतीच्या सुमारास राजकुमारीच्या शर्यतीतले औरंगाबादचे तीन जण जीपवर सायकली बांधून दुकानापुढे उतरले. पहिला म्हणाला, "माझीही कंबर धरते. मलाही कार्बनचाच दांडा टाकायचाय."

दुर्गाबाईनं त्याला सायकलवर बसवलं, टाच पायडलवर ठेवायला लावली आणि फक्त सीट दोन बोटं वर घेतली.

"जाऊन या एक चक्कर. मंग सांगा पाहिजे का."

तो परत आला तेव्हा दांड्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.