सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे

राग माझ्या नाकावर असतो, हे मला सांगलीत सगळ्यांनी सांगून झालं होतं. लग्नानंतर तो थोडा उतरेल अशी आईला आशा होती. तो उतरला नाही, माझ्याबरोबर लखनौला आला. नवऱ्याची बँकेत बदली झाली आणि आम्ही वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत भाड्याच्या घरात राहू लागलो तेव्हा मी दोन महिने घरी बसून पाहिलं. मग हात टेकले. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा पेटीत ठेवून काय करायचं होतं? निशातगंजच्या बाजारामागे एका गल्लीत कंट्रोल पॅनेल बनवणारं छोटं वर्कशॉप होतं. तिथे मला डिझाइनचं काम मिळालं. मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ड्रॉइंग तुमचं, वायरिंग चाचांचं, आणि शेवटी सही तुमची. म्हणजे उद्या कुणाला काही झालं तर बोलणी मी खायची.

चाचा म्हणजे तिथले सगळ्यात जुने मिस्त्री. साठीला आलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि अंगात रोज इस्त्रीचा कुर्ता. वायरिंग करताना कुर्त्याची बाही इतकी नेमकी दुमडायचे की मला माझ्या ओढणीची लाज वाटायची. कुणालाही कधी ‘तुम’ म्हटलं नाही त्यांनी, चहा आणणाऱ्यालासुद्धा ‘आप’. मी काही सांगितलं की मान किंचित झुकवून म्हणायचे, ‘जी, बिल्कुल.’ पहिले सहा महिने मला वाटायचं, किती ऐकणारा माणूस आहे! या ‘जी, बिल्कुल’चा अर्थ नेहमीच होकार नसतो, हे मला फार उशिरा कळलं.

बाराबंकीकडच्या एका बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजचं काम आलं. तिथे थंडाव्यासाठी अमोनिया वापरतात. तो गळला तर भोंगा वाजायला हवा, आणि लाईट गेली असली तरी वाजायलाच हवा. तेव्हाच्या उत्तर प्रदेशात लाईट जाणं हे काही विशेष नव्हतं. म्हणून चोवीस व्होल्टचा डीसी सप्लाय, आणि त्याच्या पाठीशी दोन बॅटऱ्या. हे माझं पहिलं स्वतंत्र ड्रॉइंग. रात्री जेवताना मी नवऱ्याला फ्यूज कुठे बसवायचा ते सांगत असे आणि तो बिचारा वरणभात कालवत हो हो करत असे.

चोवीस व्होल्टला कुणी घाबरत नाही, तीच खरी अडचण. हात लावला तर झिणझिण्यासुद्धा येत नाहीत. पण त्याच बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर तो लाल होतो. आधीच्या नोकरीत, सांगलीला, मी एका माणसाच्या मनगटावर घड्याळाचा पट्टा चिकटलेला पाहिला होता. पट्टा स्टीलचा होता. त्यानंतर कित्येक दिवस मला जळल्याचा तो वास जेवताना येत असे. आपल्या सहीच्या पॅनेलवर असं कुणाचं होऊ द्यायचं नाही, एवढं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

म्हणून या कामाच्या पहिल्या दिवशी मी सगळ्यांना उभं करून भाषण ठोकलं. मेनस्विच पाडला की एसी बंद होतो, बॅटरी बंद होत नाही, तिला झोप नाही. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवायचा आणि तो सगळ्यात शेवटी लावायचा. त्याआधी मीटरने प्लस-मायनस दोनदा बघायचं. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळायची. आणि अंगावर धातू नको. घड्याळ, कडं, साखळी, अंगठी, सगळं काढायचं.

सगळ्यांनी काढलं. चाचांनी घड्याळ काढलं. उजव्या हातात चांदीची, फिरोजा बसवलेली अंगठी होती, ती तशीच राहिली. मी बोट दाखवलं. ते म्हणाले, ही निघत नाही. म्हटलं, साबण लावा. ते अंगठीवर अंगठा फिरवत राहिले. मला वाटलं टाळाटाळ चालली आहे, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांसमोर म्हटलं, चांदीसारखा वाहक दुसरा नाही चाचा, तुम्हाला तीस वर्षांत हे कुणी सांगितलं नाही का? बोट गेलं तर सही माझी आहे.

‘जी, बिल्कुल,’ ते म्हणाले, आणि नळावर गेले. बराच वेळ लागला. परत आले तेव्हा बोट सुजून लाल झालं होतं. अंगठी त्यांनी रुमालात गुंडाळून सुपारीच्या एका पत्र्याच्या डबीत ठेवली आणि डबी कपाटात टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा बोटात अंगठी नव्हतीच, नुसता पांढरा वळ होता. मी समाधानाने मान हलवली. संध्याकाळी घरी जाताना ते ती परत घालत नाहीत हे माझ्या लक्षात आलं होतं, पण त्यात काही विचार करण्यासारखं आहे असं मला वाटलं नाही. ती अंगठी बायकोने त्यांच्या बोटात घातलेली होती आणि ती आता हयात नव्हती, हे मला मालकांकडून नंतर कधीतरी कळलं. ऐकून वाईट वाटलं, नाही असं नाही. पण नियम तो नियम, असं म्हणून मी विषय मिटवला.

आता खरं सांगते. एवढं भाषण ठोकणाऱ्या या बाईच्या गळ्यात तेव्हा मंगळसूत्र होतं. चांगलं लांब, दोन वाट्यांचं, सोन्याच्या साखळीतलं. कुर्त्याच्या आत असायचं. ते काढायचं असतं असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. बांगड्या काढल्या, कानातलं काढलं, आणि वाटलं आपण मोकळे झालो. मंगळसूत्र मी दागिन्यांत कधी धरलंच नव्हतं. आंघोळीला, झोपताना, दवाखान्यात, कुठेच ते काढलं नव्हतं. आणि तिथल्या कुणाही माणसाने बाईच्या गळ्याकडे बघून हे काढा म्हणणं शक्यच नव्हतं.

काम उत्तम झालं. चाचांच्या वायरी अशा वळलेल्या की बघत राहावं. फक्त बॅटरीच्या टोकांवर बसवायची प्लास्टिकची झाकणं दिल्लीहून यायची होती, ती येईनात. एक दिवस बघते तर चाचांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे कापून चारही टोकांवर चढवलेले, वरून दोऱ्याने बांधलेले. एका तुकड्यावर पंक्चरचं ठिगळसुद्धा होतं! दोन दिवसांनी कोल्ड स्टोरेजची पार्टी पॅनेल बघायला येणार होती. मी म्हटलं, चाचा, हे काढा आधी. माझ्या पॅनेलमध्ये पंक्चरवाल्याचं दुकान नको. झाकणं येतील तेव्हा येतील.

‘जी, बिल्कुल.’ त्यांनी माझ्यासमोर चारही तुकडे काढले.

पार्टी आली, बघून गेली, खूश झाली. बॅटऱ्या जोडून पॅनेल आठवडाभर चालू ठेवून बघायचं ठरलं. तेवढ्यात विश्वकर्मा पूजा आली.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात, तिथे सप्टेंबरातच हे उरकतं. त्या दिवशी यंत्रांना विश्रांती. सकाळी मालक स्वतःच्या हाताने वर्कशॉपचा मेनस्विच पाडतात, दांड्याला झेंडूची माळ घालतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तो कुणी उचलत नाही. सगळे न्हाऊनधुऊन येतात. चाचाही दरवर्षी यायचे, डोक्याला रुमाल बांधून मागे उभे राहायचे आणि बुंदीचा प्रसाद पहिला त्यांना मिळायचा. मी हौसेने काठापदराची साडी नेसले होते. घरून हळदकुंकवाची कोयरी नेली होती. माझं पहिलं पॅनेल, मग त्याला आपल्या पद्धतीने हळदकुंकू नको का लावायला?

पंखे बंद, दिवे बंद, दारातून येईल तेवढाच उजेड. घामाच्या धारा लागलेल्या. पॅनेलच्या दारावर एक पिवळा दिवा मात्र लागलेला होता. बॅटरीवर चालू आहे असं सांगणारा तो दिवा मीच ड्रॉइंगमध्ये घातला होता. मी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं, त्याच्याखाली कुंकवाचं बोट टेकवलं, आणि पूजेला आलेल्या मालकिणीला म्हटलं, या ना जवळ, आज सगळं बंद आहे, काही भीती नाही.

हे मी म्हणाले. बॅटरीला झोप नाही म्हणणारी मीच.

मग वाटलं, बॅटऱ्यांना पण लावू. त्या खाली, ट्रेमध्ये होत्या. मी खालचं दार उघडलं, एका हाताने पदर धरला, दुसऱ्या हातात कोयरी, आणि वाकले. साडीवर मंगळसूत्र बाहेरच होतं. ते घसरलं, लोंबलं, आणि टप्प असा बारीक आवाज करून बॅटरीवर आडवं पडलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

त्या क्षणी मला सगळं समजलं. मनगटाचा तो वास आला. गळ्यामागे साखळीचा थंड स्पर्श होता आणि आता ती तापेल, आता तापेल, एवढंच मनात येत होतं. हलताही येईना. हललं तर काय होईल, न हललं तर काय होईल, काही सुचेना.

काहीच झालं नाही.

मागून चाचांचा आवाज आला, नेहमीपेक्षाही हळू. ‘मैडम, कुछ नहीं होगा। आराम से सीधी हो जाइए।’

मी सरळ झाले. मंगळसूत्र उचललं गेलं, थंडगार. मालकीणबाई माळा सारख्या करत होत्या, त्यांना काही कळलंच नव्हतं. मी परत खाली वाकले आणि अंधारात बोटाने चाचपून पाहिलं. मऊ रबर लागलं. वर दोऱ्याची गाठ. पुढच्या टोकावर ठिगळसुद्धा होतं.

जीव भांड्यात पडला म्हणजे काय होतं, ते मला त्या दिवशी समजलं. मी साडीसकट तिथेच फरशीवर बसले. आणि माझा स्वभाव बघा. डोळ्यांत पाणी, आणि तोंडातून पहिलं काय निघावं? मी चाचांवर ओरडले, ‘मैंने निकालने को कहा था ना?’

‘जी, बिल्कुल,’ ते म्हणाले. ‘आपने कहा था।’

मग मात्र मला रडू आलं आणि हसूही आलं. त्यांनी रुमालाने हात पुसून मला बुंदी दिली. मी ती बसल्या बसल्या खाल्ली. इतकी गोड बुंदी मी आयुष्यात खाल्लेली नाही. थोड्या वेळाने विचारलं, माझ्या गळ्यात हे असतं हे तुम्हाला माहीत होतं ना? त्यांनी मान हलवली. मग बोलला का नाहीत? ते दुसरीकडे बघत म्हणाले, हे काढायला सांगण्याची चीज नाही. म्हणून त्यांनी मला सांगितलं नव्हतं, बॅटरीला झाकलं होतं.

त्यांच्या लाल झालेल्या बोटाची आठवण झाली. मी त्यांना सगळ्यांसमोर नळावर पाठवलं होतं.

घरी गेल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ताटावरून उठला, माझा गळा पुढून मागून बघितला, आणि म्हणाला, उद्यापासून हे घरीच ठेव. मी म्हटलं, घरून उघड्या गळ्याने निघायचं नाही मला, तिथे जाऊन काढेन. आईला फोनवर यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती पहिल्या गाडीने लखनौला आली असती.

दुसऱ्या दिवशी मालकांनी स्विच उचलला, पंखे फिरले. मी चाचांना म्हटलं, ती डबी द्या. त्यांनी काही न विचारता कपाटातून काढून दिली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. लग्नानंतर मी पहिल्यांदा ते गळ्यातून काढत होते. केसांत अडकलं, दोनदा हात थांबला. घरात कुणी आजारी नव्हतं, काही नव्हतं, तरी नवऱ्याला लगेच फोन करावा असं वाटलं. हे एवढं जड जातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगू शकेल असा एकच माणूस तिथे होता, आणि त्याने ते एकट्याने, साबण लावून, नळावर केलं होतं.

‘चाचा, माफ कीजिए,’ मी त्यांच्या पाठीला म्हटलं. ‘अँगूठी के लिए।’

ते वळले नाहीत. भिंतीकडेच बघत म्हणाले, ‘रोज़ उतारना, रोज़ पहनना, हमसे होता नहीं था, बिटिया। इसलिए पहनना ही छोड़ दिया।’

मी अंगठीचा रुमाल सारखा केला आणि त्यावर मंगळसूत्र ठेवून डबी बंद केली. संध्याकाळी सहाला त्यांनी डबी माझ्यासमोर आणून उघडली. मी माझं घेतलं. रुमाल तसाच उरला. मी डबी परत दिली नाही, तशीच हातात धरून उभी राहिले. मग चाचांनी रुमाल सोडला, अंगठी कुर्त्याला पुसली आणि बोटात सरकवली.

पुढे मी तिथे सात वर्षं होते. दिल्लीची झाकणं आली, कोल्ड स्टोरेजचं पॅनेल गेलं, लाईट गेल्यावर भोंगा वाजतो असा तिकडून निरोपही आला. रोज सकाळी दहाला चाचा अंगठी घालून यायचे, नळावर जाऊन काढायचे, मी भिंतीकडे तोंड करून मंगळसूत्र काढायचे, आणि आमची दोघांची ती डबी मालकांच्या टेबलावर दिवसभर असायची.