जास्वंदीच्या फोटोवाली बाई

एका जमान्यात माझे पाच हजार दोस्त होते, शेवटी ॲपनंच हात जोडले का भाऊ, आता जागा नाही. त्यातली एक बाई मीच होतो.

ते सांगतो. पण पहिले हे सांगतो का मी शिकलेलो नाही. तिसरीत दोनदा बसलो. दुसऱ्या खेपेले मास्तरच म्हणे, तू घरी राह्य, तू भी सुखी अन् मी भी सुखी. अक्षर ओळखू येते, पण एक ओळ वाचेपर्यंत बाकीच्यांचा चहा पिऊन होते. पुढं नागपुरात गांधीबागेत साड्यांच्या ठोक दुकानात लागलो. गादीवर बसायचं, गिऱ्हाइकासमोर साड्या उघडायच्या, ते उठून गेलं का घड्या करायच्या. केस पांढरे झाले, पण माझी घडी अजून मालकाले पसंत नाही.

माझा दोस्त त्याच दुकानात पार्सल शिवत होता. बारदाना, सुतळी अन् ही एवढी मोठी सुई. तो बोलत नव्हता फारसा. मले वाटे, स्वभावच आहे त्याचा.

त्या ॲपवर तेव्हा अख्खं नागपूर होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं का मी डोक्यावर पदर घेऊन गादीवर उभा राहायचो. नवरी मीच, सासू मीच, भाव पाडणारी मावशी भी मीच. दोस्त माझ्याच फोनवर शूटिंग करे. फोन धरायचं काम त्याचं, कारण त्याचा हात हलत नसे. सुईवाला हात होता तो. एकेका व्हिडिओले एवढे लाइक पडत का मी रस्त्यानं चालताना आपोआप हळू चालायचो, म्हटलं कोणी ओळखलं त त्याले टाइम भेटला पायजे. कोणी ओळखलं नाही. पदर नव्हता ना डोक्यावर.

मग लाइक कमी होऊ लागले. जवान पोट्टे दुसरीकडे गेले. तेव्हा मी ते बाईचं खातं उघडलं. दुकानाच्या गच्चीवर कुंडीत जास्वंद होती, तिचा फोटो लावला. नाव सांगत नाही, त्या नावाची खरी बाई कुठं असली त लाटणं घेऊन येईन. ही बाई माझ्या सगळ्या व्हिडिओले लाइक मारे. इमानदारीनं सांगतो, लाइक आला का मले खुशी भी होत होती.

एवढ्यावर थांबलो असतो त माणूस म्हटलं असतं मले. पण मी त्या बाईची दोस्तालेही रिक्वेस्ट पाठवली. त्यानं घेतली. मग रोज दुपारी तो समोर डबा खोलून बसला का मी साड्यांच्या ढिगाआडून त्याले लिहायचो, “जेवण झालं का जी?” एवढं वाक्य मले न चुकता लिहिता ये. तो लिहे, “हो झालं. तुमचं?” अन् मान खाली घालून एकटाच हसे. एकदा त्यानं विचारलं, तुम्ही कोण? मी लिहिलं, “ओळखा पाहू.” ते माझं दुसरं वाक्य. तिसरं मले येत नव्हतं.

म्हटलं, एक दिवस सांगू अन् मस्त हसू. तो दिवस यायच्या पहिलेच तो गेला. सकाळी दुकानात यायले निघाला, अंगणात बसला, मग उठलाच नाही. बाईचं खातं मी त्यानंतर उघडलं नाही. पासवर्डही डोक्यातून गेला.

या गोष्टीले चार वर्षं झाले.

मागच्या मे महिन्यात वहिनीचा फोन आला. दोस्ताची बायको, सक्करदऱ्याले राहते. इकडचं तिकडचं बोलली अन् मग म्हणे, “भाऊजी, एक काम होतं. मले यांचा आवाज आठवून नाही राहिला.”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“म्हणजे चेहरा आठवते. फोटो आहेत ना. चालणं आठवते, खोकलणं आठवते. आवाज नाही येत कानात. महिना झाला, रोज आठवून पाहून राहिली. नातू होणार आहे आता, त्याले काय सांगू, आजा कसा बोले म्हणून?” मग म्हणे, “तुम्ही दोघं व्हिडिओ काढत होते ना?”

“अरे वहिनी! दोन मिनिटांचं काम आहे,” मी म्हटलं. “सगळे आहेत त्या ॲपवर. रविवारी येतो अन् दाखवतो.”

फोन ठेवला अन् मग मले आठवलं का माझा जुना फोन कूलरच्या टाकीत पडून मेला होता. रिचार्ज केलं नाही म्हणून नंबर भी गेला, आता तो दुसऱ्याच कोणाकडे आहे. नव्या फोनात ॲप टाकलं, त ते मले ओळखे ना. पाच हजार दोस्तवाल्या माणसाले म्हणे, तू कोण?

पुतणीले दाखवलं. ती म्हणे, काका, तुम्ही कधीकाळी इथं तीन भरोशाचे दोस्त निवडून ठेवले आहेत. त्या तिघांच्या फोनवर एक एक कोड येईन, तिन्ही कोड टाकले का दार उघडते. मी म्हटलं, वा! कोण तिघं? तिनं वाचून दाखवलं. पहिला, गेलेला दोस्त. दुसरा, आमच्या दुकानातला जुना हमाल, जो आता शहराबाहेर मिहानच्या नव्या ऑफिसांत गार्ड आहे. तिसरी, जास्वंदवाली. तेव्हा निवडताना मी विचार केला असन का भरोसा ठेवायचा त स्वतःवर ठेवावा.

गार्डले फोन केला. तो म्हणे, “अबे, तू अजून तिथंच आहे काय?”

“कोड पाहून दे ना गा.”

दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. कोड दिला, पण आवाज उतरलेला. “दोन वर्षांनी उघडलं मी ते. माहीत आहे, कसं वाटलं? माझ्या बिल्डिंगसारखं.” त्याची ड्युटी एका रिकाम्या ऑफिसवर आहे. “इथं माणूस नाही, पण मी चाललो का लाइट आपोआप लागते, मागची आपोआप विझते. लिफ्ट खाली येते, दार उघडते, आत कोणी नाही. तसंच आहे ते. सगळं चालू आहे, फक्त राहत कोणी नाही. मशीन लिहिते अन् मशीनच लाइक मारते. पुढं भी असंच चालन, आपण मेल्यावर भी. तू जास्त वेळ नको बसू तिथं.”

मी हसलो. माझी ती सवयच आहे, भीती वाटली का हसतो. दुसऱ्याच्या तेरवीत भी लोक मले कोपऱ्यात बसवते.

रविवारी दुपारी एक वाजता सक्करदऱ्याले पोहोचलो. नागपूरचा मे महिना. रस्त्यावर कुत्रं नाही. तिथल्या तलावाकडून गरम हवा येऊन राहिली होती अन् सगळ्या घरांचे दारं बंद, नुसते कूलर घरघरत होते, जसं का माणसं निघून गेले अन् कूलर विसरले. वहिनीनं दार उघडलं. मी मोठ्या ऐटीत सांगतलं, “एक कोड आणला. दुसरा त्याच्या फोनात भेटन.”

तिनं कपाटातून स्टीलचा डबा काढला. त्यात त्याचा चष्मा, घड्याळ, पार्सलची एक सुई अन् फोन. चार्जिंगले लावला. दहा मिनिटं काही झालं नाही. मग स्क्रीन उजळली, अन् वायफाय त्यानं स्वतःच पकडलं, घरचंच होतं ना. मग तो फोन थरथरू लागला.

थांबेच ना. टेबलावर फोन सरकत सरकत चालला, थेट वहिनीकडे. तिनं हात मागे घेतला. चार वर्षांचं सगळं एकदम येऊन राहिलं होतं. शेवटी थांबला तेव्हा काठावर होता.

वहिनी दहावी पास आहे. ती वाचू लागली. “वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. शतायुषी व्हा. वाढदिवसाच्या शुभेच्छा दादा. पार्टी कधी?” चार वाढदिवस, सगळ्यांच्या शुभेच्छा. मग ती थांबली. “भाऊजी, ही तुमची आहे.”

“माझी?”

“‘शतायुषी व्हा’. मागच्या साली बी हेच. अन् त्याच्या मागच्या साली बी.”

तो गेला हे मले माहीत नव्हतं असं नाही, त्याच्या तेरवीले मी तीन वेळा बुंदी मागून घेतली होती. पण ॲप बटण दाखवे, आज अमक्याचा वाढदिवस, दाबा. मी दाबे. कोणाचा होय ते वाचायले टाइम लागते ना मले.

ती बोट वर सरकवत राहिली. ओळखीचं कोणी दिसे ना. एक म्हातारी केक घेऊन बसलेली, खाली लिहिलं, आज माझा वाढदिवस, कोणी विचारलं नाही. म्हातारीच्या हाताले सहा बोटं. पुढच्या फोटोत तीच म्हातारी, दुसरा केक, बोटं सात. खाली शुभेच्छाच शुभेच्छा, अन् देणाऱ्यांचे फोटो पाहावं त नुसते फुलं, सूर्य, बाळं. एक भी खऱ्या माणसाचं तोंड नाही.

“कोड कुठं आहे पाहा,” मी म्हटलं. मले तिथून निघायचं होतं.

तिनं मेसेज उघडले. अन् तिचा चेहरा बदलला.

“हे कोण होय जी?”

सगळ्यात वर जास्वंदीचा फोटो. खाली, “जेवण झालं का जी?” त्याच्या खाली, “जेवण झालं का जी?” वहिनी बोट सरकवत गेली अन् तेच वाक्य येत राहिलं, रोजचं एक, आज दुपारचं भी. मेलेल्या माणसाले कोणी चार वर्षं रोज जेवणाचं विचारून राहिलं होतं.

“कोण बाई होय ही? मले माहीत नाही, तुम्हाले माहीत आहे?”

मी म्हटलं, “वहिनी, ते बाई मी आहो.”

“भाऊजी, थट्टा नका करू आता.”

“देवाशप्पथ. मीच होतो. पण तो गेल्यावर मी एक अक्षर नाही लिहिलं.”

तिचा भरोसा बसला नाही. जन्मभर थट्टा केल्यावर माणूस खरं बोलला त कोण ऐकते? ती रागानं वर वर सरकवत गेली, चार साल मागे. जिथं त्याचं उत्तर होतं तिथं थांबली. त्याचं शेवटचं उत्तर, जायच्या आदल्या दिवशीचं. तिनं मनात वाचलं, मग मोठ्यानं वाचलं.

“समोर बसून काहून लिहितो बे. डबा खा, थंडा होऊन राहिला.”

लांब ओळ होती म्हणून मी ती तेव्हा वाचलीच नव्हती. त्याले माहीत होतं. लिहिताना माझी जीभ बाहेर येते, सगळ्या दुकानाले माहीत आहे. तो रोज मान खाली घालून मले हसे अन् मी समजे का मी त्याले हसून राहिलो.

वहिनीचा राग उतरला. पण ती फोनकडे पाहतच होती.

“भाऊजी, ते तुम्ही होते. कबूल.” मग हळू आवाजात म्हणे, “त मग आता कोण लिहून राहिलं?”

कूलर घरघरत होता. फोन हातात असतानाच जास्वंदीच्या बाजूले हिरवा ठिपका लागला. खाली तीन टिंबं नाचू लागले, जसं का तिकडे कोणी विचार करून राहिलं.

“किती दिवसांनी आले जी,” असं आलं. हे माझं वाक्य नव्हतं. म्हटलं ना, तिसरं मले येत नव्हतं.

“लिहा,” मी म्हटलं. “तू कोण, विचारा.”

वहिनीनं लिहिलं. तीन टिंबं. मग उत्तर आलं.

“ओळखा पाहू.”

वहिनीनं फोन पालथा ठेवला अन् त्याच्यावर जेवायचं ताट झाकलं, पाल पडू नये म्हणून झाकते तसं. ताटाखाली एकदा थरथर झाली. मग पुन्हा एकदा.

“चला वहिनी,” मी उठलो, “तिसरा कोड त्या बाईकडेच आहे, तो काही भेटत नाही. राहू द्या.”

“बसा,” ती म्हणे. ताट काढलं, ते बाईचं पान बंद केलं अन् विचारलं, “तुमचं पान यांच्या फोनात दिसते ना? तुम्ही यांचे दोस्त होते ना?”

दिसत होतं. सगळे व्हिडिओ दिसत होते. कोड लागतच नव्हते. इतके दिवस मी कुलपाच्या मागे लागलो अन् बाजूची खिडकी उघडी होती.

तिनं पहिला लावला. आतून त्याचा आवाज आला, एकदम साफ, जसं का तो आमच्या मागे उभा आहे. “चालू आहे, बोल.”

वहिनीनं डोळे मिटले. अन् मग मी सुरू झालो. नवरी, सासू, मावशी. मी बोलतो, मी रडतो, मी पदर ओढतो. तीन मिनिटं. शेवटी त्याचा आवाज. “झालं.”

दुसरा लावला. “चालू आहे, बोल.” मग मी. मग “झालं.” तिसरा. चौथा. दहाव्यात तो मधे काही सांगायले गेला, “अबे, ऐक ना...” अन् व्हिडिओतला मी म्हणे, “थांब बे, माझं होऊ दे.” तो काय सांगणार होता, ते तसंच राहिलं.

अकरा व्हिडिओ तिनं पुरे पाहिले. नवऱ्याचे शब्द हाताच्या बोटांवर मोजता येतीन एवढे, बाकी सगळा मी. शेवटचा संपल्यावर तिनं फोन खाली ठेवला, पदरानं डोळे पुसले अन् माझ्याकडे पाहिलं.

“काहो भाऊजी,” ती म्हणे, “एक मिनिट चूप बसले असते त काय मेले असते तुम्ही?”