ज्ञानोबा आणि खणांची रांग

"दादा गेला," ज्ञानोबाच्या धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी दवाखान्याच्या लॅबमध्ये ज्ञानोबाचीच वाट बघत बसलो होतो. सकाळी रानात चक्कर मारायला गेला, छातीत कळ आली आणि बांधावरच... दीड महिना झाला, तरी लिहायला बसलं की हात थांबतो.

आम्ही दोघं धारूरकडचे. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी, हे मी छाती काढून सांगतो. त्याच्या घरातला पहिला तो. त्याचे आई-बाप दर हंगामात ऊसतोडीला जायचे. शाळेच्या सुट्ट्या त्यानं फडावरच काढल्या. पुढं अंबाजोगाईला एका खाजगी दवाखान्याच्या लॅबचं सॉफ्टवेअर आम्ही मिळून केलं. एकाच कॉम्प्युटरवर दोन प्रोग्रॅम चालायचे. एक रक्त तपासणाऱ्या मशीनकडून आकडे घेणारा, दुसरा ते डॉक्टरांच्या स्क्रीनवर दाखवणारा. दोघांची एकमेकांशी ओळख नाही. मधे सामाईक मेमरीत खणांची एक रांग. पहिल्यानं खणात निरोप ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. शेवटचा खण भरला की पुन्हा पहिल्यापासून. पापणी लवेपर्यंत शेकडो निरोप इकडचे तिकडे! मला याचं आजही नवल वाटतं. ती रांग मी लिहिली होती आणि गावभर सांगत फिरलो होतो.

एका सकाळी लॅबच्या मॅडमनी दोघांना बोलावलं. बाळंतपणाला आलेल्या एका बाईचं हिमोग्लोबिन मशीनवर सहा, डॉक्टरांच्या स्क्रीनवर तेरा. नाव तिचं, आकडा दुसऱ्याच कुणाचा. मॅडमची नजर पडली म्हणून तिला वेळेत रक्त चढलं... "मशीनच बिघडलं असंल," मी म्हणालो.

ज्ञानोबानं माझा कोड कागदावर छापून घेतला, फरशीवर पसरला आणि गुडघ्यावर बसला. तासाभरानं एका ओळीवर बोट ठेवलं. नाव टाकलं की खण तयार असल्याची खूण मी आधी करत होतो, आकडा नंतर भरत होतो. एखाद्या वेळी दुसरा प्रोग्रॅम नेमका त्या फटीत यायचा आणि नव्या नावासोबत खणातला जुना आकडा उचलून न्यायचा.

"फडावर बाप ऊस तोडतो, आई मागून गोळा करून मोळी बांधती," तो म्हणाला. "दिवसभर बोलत न्हाईत एकमेकांशी. पण ऊस भुईवर आडवा पडल्याबिगर आई हात घालती का बे? कोयता चालू हाय तिथं!"

मी पुस्तकात वाचून परीक्षेत लिहून आलो होतो, ते यानं उसाच्या सरीत बसून पाहिलं होतं.

"मॅडमला मशीनचंच सांगू," मी हळूच म्हणालो. "एवढी ओळ खाली घेतली की झालं."

"आन् आजवर गेलेले आकडे? ते काय तुझा बाप तपासणार? चल. तू सांगायचं. मी बाजूला उभा ऱ्हातो."

सांगितलं. मॅडम लई बोलल्या. दोन दिवस आम्ही मशीनच्या कागदी पट्ट्या आणि स्क्रीनवरचे आकडे जुळवत बसलो. आणखी दोन चुकीचे निघाले. त्या दोन्ही पेशंटांना ज्ञानोबा स्वतः मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. एक म्हातारा तर डोंगरावरच्या वाडीतला.

दुरुस्ती झाली. आता सुरू करू म्हणून मी माउसला हात घातला, तर हा बाही वर करून मॅडमपुढं बसलेला. "पेशंटच्या आधी माझं रक्त." स्वतःचं नाव आणि स्वतःचा आकडा स्क्रीनवर एकत्र आलेले पाहूनच उठला. पुढं कोडमध्ये काहीही बदललं की पहिला नमुना त्याचाच.

गेल्या आठवड्यात लॅबमध्ये नवं मशीन आलं. रांगेत बदल करावे लागले. जुन्या नोंदी उघडल्या तर त्याच्या नावाचे एकोणीस रिपोर्ट, सगळे ठणठणीत... बाहेर बाकावर पेशंट बसले होते. मी बाही वर केली.

स्क्रीनवर नाव आलं, आकडा आला. मशीनच्या पट्टीशी दोनदा ताडून पाहिला.

"घेऊ का आत?" मॅडमनी विचारलं.

"घ्या," मी म्हणालो.