कुल्फीवाल्याच्या डब्यातलं औषध

बर्फ कसा राखावा हे तासगावच्या ज्योतिबाला शिकवायची कुणाची टाप नव्हती. तीस वर्षं त्यानं जत्रांतनं कुल्फी विकलेली. बर्फावर खडेमीठ पडलं की तो कसा चावरा होतो, वैशाखाच्या उन्हातबी डबा दिवस मावळंस्तवर कसा टणक राहतो, हे त्याची बोटं जाणत होती. मिठानं हात असे चिरलेले की बायको बनुबाई म्हणायची, "हात लावू नगासा, लुगड्याचा धागा निगतोय."

ती बनुबाई आता मिरजेच्या दवाखान्यात पडली होती. कोरोनातनं उठली आणि आठ दिवसांत गाल सुजला. नाकात काळी बुरशी निघाली, ती डोळ्याकडं सरकत होती. साधं औषध होतं, पण त्यानं किडनी जायची भीती, आणि साखरेनं तिची किडनी आधीच अधू झालेली. उत्कर्षा डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढून दाखवला होता. "हेच औषध चरबीच्या थेंबात भरून मिळतं. एका केसाच्या जाडीत शेकड्यानं मावतील एवढे बारीक थेंब. त्या कवचामुळं किडनीला त्रास कमी."

सांगली-मिरजेत ते कुठंच नव्हतं. साताऱ्यात एका औषधाच्या दुकानात सहा बाटल्या निघाल्या. ज्योतिबा मोटरसायकलला कुल्फीचा डबा बांधून गेला. दुकानदार म्हणाला, "थंड ठेवा." ज्योतिबा मास्कच्या आत हसला. थंडीचं मला सांगतोय! चार बाटल्या त्यानं बर्फात पुरल्या, वर दोन मुठी मीठ मारलं. जागा उरली न्हाई म्हणून दोन बाटल्या वर पोत्याच्या घडीवर ठेवल्या.

पेठ नाक्यावर त्यानं वॉर्डातल्या क्रांती सिस्टरला फोन लावला. "काळजी सोडा सिस्टर. दगडागत गार करून आणतोय."

"दगडागत? मामा, बर्फात मीठबिठ टाकलंय काय?"

"मग! त्याबिगर टिकतोय व्हय?"

"आवं मामा, गोठलं की ते औषध मेलं! काढा भाईर!"

वरच्या दोन बाटल्यांतलं पिवळं, दुधागत औषध हलत होतं. खालच्या चार खडखडीत. त्यानं त्या काखेत धरून वितळवल्या आणि उन्हात धरून बघितल्या. एकजीव पिवळं दूध राहिलं नव्हतं. तळाला कण, वर पाणी. फाटलेलं दूध त्यानं जन्मभर बघितलं होतं, त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. थेंबांची कवचं फुटली होती.

जोरात हलवल्या तर चारी बाटल्या पुन्हा चांगल्या दिसायला लागल्या.

तिथनं मिरजेपर्यंत गाडीपेक्षा डोकं जोरात पळत होतं. गोठलंच न्हाई म्हणून सांगावं. कोण ओळखतंय? न्हाई दिलं तर डोळा जाईल. दिलं आणि तीच गेली तर? आष्ट्याजवळ उसाचा ट्रॅक्टर अंगावर आला तेव्हा कुठं त्याला कळलं की आपण रस्ता सोडलाय.

वॉर्डाच्या दारात त्यानं डॉक्टरांच्या पुढ्यात दोन बाटल्या एकीकडं ठेवल्या, चार एकीकडं.

"हे दोन बरं हायती. हे चार माज्या हातानं मेलं."

उत्कर्षा डॉक्टरांनी चार बाटल्या बाजूला सारल्या. रागावल्या न्हाईत, त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. "दोन आजच्यापुरत्या. उद्या याच वेळेला आणखी पाहिजेत, न्हाईतर साधं औषध सुरू करावं लागेल. मग किडनीचं मी सांगू शकत न्हाई."

सलाईनमधनं पिवळं औषध उतरायला लागलं. बनुबाईनं मान वळवली. "आवं, लगीच कुटं निगाला? जेवलासा का?"

"पुन्ना साताऱ्याला. त्या दुकानात आणखी बाटल्या निगतायत का बगतो."

"काय चुकलं का?"

"चुकलं. मीच चुकलो."

सुजलेल्या बाजूला बोट नेत ती म्हणाली, "बिगी बिगी या. ह्या डोळ्यानं तुमी धुरात हुबं ऱ्हायल्यागत दिसताय."

ज्योतिबा जिना उतरला. साताऱ्याच्या दुकानदाराला फोन लावला. रिंग वाजत होती, कुणी उचलत नव्हतं.