बुचाच्या झाडाबाबत हरकत

जेवण झालंय, ओटा पुसून झालाय आणि मी खिडकीजवळच्या कॉटवर आडवी झालेय. झोप अजून लागलेली नाही, पण कुणी डोळे उघड म्हटलं तर उघडणार नाहीत, अशी ती मधली वेळ. पंखा कुरकुरतोय. बाहेर बुचाच्या झाडावर डकवलेली नोटीस वाऱ्याने फडफडतेय. तिचा एक कोपरा सुटलाय, उठून चिकटवायला हवा, असं मी सकाळपासून नुसतं म्हणतेय.

नोटीस पालिकेची आहे. या आवारातलं झाड तोडायची परवानगी मागितली आहे, कुणाची हरकत असल्यास कळवावी, असं तिच्यावर छापलंय. परवानगी मागणारी मीच. झाड शेजारच्या रेवतीच्या खोलीवर कललंय आणि त्या खोलीत खिडकीखाली तिच्या तान्ह्या लेकीचा पाळणा आहे. मागे वळवाच्या वाऱ्यात एक फांदी मोडून त्यांच्या पत्र्यावर पडली, तेव्हापासून आभाळ भरून आलं की रेवती पाळणा ओढत स्वयंपाकघरात नेते. मला ते इथून दिसतं.

उद्या मुदत संपते. गल्लीतल्या कुणाचीही हरकत आलेली नाही. ज्यांची येईल अशी मला धास्ती आहे, ते दोन पावसाळ्यांपूर्वीच गेले.

म्हणजे आमचे हे. झाड त्यांनी लावलेलं. हॉस्पिटलात अगदी शेवटी, तोंडावरची नळी हाताने बाजूला करून मला म्हणाले होते, "बुचाकडे लक्ष ठेव." नलूकडे लक्ष ठेवा असं माझ्याबद्दल लेकीला किंवा जावयाला काही सांगितलं नाही, बुचाचं तेवढं आठवणीने सांगितलं. तेव्हापासून मी त्या झाडाच्या पानालाही कुणाला हात लावू दिलेला नाही. आणि आता तेच तोडायला निघालेय.

फडफड थांबते. कुणीतरी कोपरा बोटाने दाबून धरलाय.

मी बघते तर हेच. घरातला पायजमा, बंडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. नोटीस वाचताहेत. पेपर वाचायचे तशीच, वरच्या तारखेपासून खालच्या सहीपर्यंत, मधला एक शब्द न सोडता.

"अहो, ऊन आहे. आत या ना," मी म्हणते.

"थांब गं. वाचू दे नीट." बोट एका ओळीवर थांबतं. "बुच ऱ्हस्व काढलाय बघ. बूच दीर्घ."

"एवढंच?"

"एवढंच कसं? कागद सरकारी आहे."

गेलेला माणूस इतक्या दिवसांनी येतो आणि शुद्धलेखन काढतो! पण मला बरंच वाटतं. चिडलेले दिसत नाहीत. यांचा जन्म पाटबंधारे खात्यात गेला, लोकांना ना-हरकत दाखले देण्यात. त्यामुळे घरातही तोंडात तेच. भाजी कशी झालीय? हरकत नाही. ही साडी बरी दिसते का? हरकत नाही. मला बघून घरी परतले, तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, मुलगी कशी वाटली? तर म्हणाले, हरकत नाही. हे मला लग्नानंतर नणंदेने हसत हसत सांगितलं. मी आठवडाभर धड बोलले नव्हते. "छान" हा शब्द या माणसाच्या तोंडून ऐकायचा म्हणून मी जंग जंग पछाडलं. नाही म्हणजे नाहीच.

मी चपला घालून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकते आणि मागे वळून बघते, तर घर नाहीच. मोकळा प्लॉट आहे, मुरमाचा, आणि जिथे भिंती यायच्यात तिथे पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्यात. हे रेघेजवळ उकिडवे बसून खड्डा खणताहेत. केस काळेभोर. शेजारी डालड्याच्या डब्यात रोप.

"भिंतीला इतकं लागून नको हो," मी म्हणते.

"भिंत आहे कुठे अजून?"

"येईल ना पण."

"येईल तेव्हा बघू. स्वयंपाकघरावर सावली नको का तुझ्या?"

सावली माझ्यासाठी होती, हे मी मधल्या वर्षांत पार विसरून गेले होते. रोपाला ते तांब्याने पाणी घालतात. माती ओली होते, म्हणून मी पदर सावरून बाजूच्या बाकावर बसते.

बाक पालिकेतला आहे. समोर टेबल, टेबलावर फायली, आणि फायलींच्या पलीकडे पुन्हा हेच. आता केस पिकलेत, खिशाला पेन आहे.

"नाव?"

"अहो, मी आहे. नलू."

"पूर्ण नाव लागतं."

यांचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलेलं नाही. घुटमळते. ते मान खालीच ठेवून म्हणतात, "उखाणा नको. मागे रांग आहे."

"नलिनी त्र्यंबक पेठकर," मी एका दमात सांगून टाकते. त्यांच्या मिशीत हसू फुटलेलं मला दिसतं.

"झाडाशी नातं?"

"सवत."

आता मात्र ते पेन ठेवून मोठ्याने हसतात. किती दिवसांनी ऐकते आहे मी ते हसू. ठसका लागेपर्यंत हसायचे तसंच.

"बरं. परवानगी मागायला आलीस की हरकत घ्यायला?"

"दोन्ही."

"आणि मुठीत काय आहे?"

मी मूठ आवळते, पण वासाला कोण आवळणार? हिंग आहे. चांगला उग्र, खडा हिंग.

त्याचं असं झालं. आमच्या मागच्या गल्लीत ढवळेभावजी राहतात. प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे उपाय असतो. ते म्हणाले, "वहिनी, आपल्या आवारातल्या झाडाला कसली आलीय परवानगी? बुंध्याला गिरमिटानं भोक पाडायचं, हिंगाची पूड ठासून भरायची, वरून शेणानं लिंपायचं. उभ्या उभ्या वाळतंय. वाळलेल्या झाडाला कोण विचारतंय?" मला ते पटलं. पालिकेची भीती म्हणून नव्हे. झाड आपणहून वाळलं, मी नाही हो तोडलं, असं वर गेल्यावर यांना सांगता आलं असतं म्हणून. मी हिंग आणला. पण मिक्सरला वास लागतो म्हणून खडा कुटायचा तर खलबत्त्यातला बत्ताच सापडेना. यांच्या आजारपणापासून तो नाहीसाच झालाय. नुसता खल फळीवर.

बत्ता सापडेपर्यंत सहज विचारून यावं म्हणून मी पालिकेच्या उद्यान विभागात गेले. झाड वाळलेलं असलं तर विचारावं लागत नाही ना, असं तिथल्या बाईंना भोळेपणाने विचारलं. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काकू, हिंग का?" मी गारच पडले. त्यांनी खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. आवार आपलं असलं तरी झाड तोडायच्या आधी विचारायचं. मोठ्या फांद्या उतरवायच्या तरी विचारायचं. हिंग घालून मारलं तरी ते तोडलं असंच धरतात. वाळलेलं असलं तरी आधी कळवायचं. आणि एक गेलं की बदल्यात नवी लावायची. "नियम गावागावाप्रमाणे थोडे बदलतात, म्हणून आधी इथं यायचं," त्या म्हणाल्या. मग मी रीतसर अर्ज केला. त्यांचा माणूस येऊन बुंध्यावर ठोकून गेला. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

हे सगळं मी यांना टेबलाच्या अलीकडून सांगते. ते ऐकून घेतात.

"हिंग घातला असतास तर काय झालं असतं?" ते विचारतात. "वाळलेलं झाड पहिल्याच वाऱ्यात आडवं झालं असतं. आणि कुठे पडलं असतं?"

पाळणा कुरकुरतो. की पंखा?

"पण तुम्हीच सांगून गेलात ना," मी म्हणते. माझा आवाज चिरका होतो. "बुचाकडे लक्ष ठेव म्हणून. मी काय करायचं होतं मग?"

"काय केलंस?"

"जपलं. पाणी घातलं. फांदी उतरवायला आलेल्या माणसाला हाकलून दिलं."

"अगं नलू, लक्ष ठेव म्हणालो होतो. जपून ठेव म्हणालो का?"

ते उठतात आणि चालायला लागतात. फायलींच्या कपाटामागून वाट सरळ आमच्या आवारात निघते, बुचाच्या मागे, कुंपणाची भिंत आणि बुंधा यांच्यामधल्या बेचक्यात. तिथे पालापाचोळा साठतो, मुंगळे असतात, मी कधी जात नाही. बुंध्याच्या भिंतीकडच्या अंगाला, डोक्याच्या वर, एक खिळा ठोकलाय. खिळ्याला सुतळी. आणि सुतळीच्या टोकाला, जमिनीच्या जरा वर, हलकेच डुलतोय माझा बत्ता.

"अहो! माझा बत्ता!"

"ओळंबा म्हणून लावलाय, झाड किती कलतंय ते मोजायला. खात्याचा ओळंबा निवृत्तीच्या दिवशी परत केला ना मी."

"मी सगळं घर पालथं घातलं!"

"मिक्सर आल्यावर तुला बत्ता कशाला लागतोय, असं वाटलं." ते खाली वाकून सुतळी आणि बुंधा यांच्यामधल्या जागेत हात आडवा धरतात. वर खिळ्यापाशी सुतळी झाडाला चिकटलीय, खाली मात्र झाडापासून सुटत सुटत लांब आलीय. "मी आजारी पडलो तेव्हा हे अंतर चार बोटं होतं. आता बघ, वीतभर झालंय. तेव्हाच कलायला लागलं होतं गं. तुला उगाच घाबरवायचं नव्हतं. म्हटलं, बरा होऊन घरी गेलो की बघू. मग तोंडात ती नळी. जमलं तेवढं बोललो."

मी तिथेच पाचोळ्यात बसते आणि रडते. दोन वर्षं मी या झाडाची राखण करतेय, आणि माणूस मला सावध करून गेला होता! वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही. उरावरचं काहीतरी कुणी उचलून नेल्यासारखा मोकळा श्वास येतो. मुंगळे पायावर चढतात. चढू देत.

"मग तोडू?" मी डोळे पुसत विचारते.

"नोटिशीत काय विचारलंय?"

"कुणाची हरकत आहे का."

ते मान वर करून झाडाकडे बघतात. बराच वेळ बघतात. मग म्हणतात, "हरकत नाही."

उभा जन्म मी ज्या दोन शब्दांवर डाफरले, तेच दोन शब्द ऐकून मला इतकं बरं वाटेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

"नवं लावशील ते भिंतीपासून लांब लाव," ते सांगतात. "आणि तो बूच दीर्घ करून घे."

"चहा टाकते, थांबा," मी म्हणते आणि घाईघाईने उठते.

उठते ती कॉटवरच. पंखा कुरकुरतोय. नोटीस पुन्हा फडफडायला लागलीय. उशी ओली आहे आणि उन्हं खाली आलीत. मी क्षणभर तशीच बसते, मग चपला अडकवून बाहेर पडते. या वेळी घर जागच्या जागी असतं.

बुचाच्या मागे अंग चोरून शिरते. वर बघते. आधी काहीच दिसत नाही. मग बोटांनी चाचपते. बुचाची साल मऊ, भेगाळलेली. एका भेगेत गार काहीतरी लागतं. खिळ्याचं डोकं. सालीने त्याला जवळजवळ गिळलंय. त्याला सुतळीचं कुजकं टोक, दोन बोटांएवढं. मी खाली बसून पाचोळा उपसते, मुंगळ्यांना शिव्या देत, आणि हाताला जड लागतं. मातीने काळा पडलेला, गळ्याशी सुतळीची गाठ तशीच घट्ट असलेला बत्ता.

खिडकीतून रेवती लेकीला खांद्यावर घेऊन डोकावते. "काकू, तिथं काय करताय? काय सापडलं?"

"बत्ता."

"झाडाखाली?"

"काकांनी ठेवला होता," मी म्हणते. "रेवती, पाळणा आजची रात्र स्वयंपाकघरातच ठेव हं. उद्या मुदत संपतेय. मग पालिकेची माणसं येतील दोर घेऊन."

"कुणाची हरकत नाही ना आली?" ती जरा भीतभीतच विचारते.

"होती एकाची. मिटली."

घरात येऊन दुपारच्या भाताची चार शितं घेते आणि नोटिशीचा कोपरा चिकटवून टाकते. बूच खरंच ऱ्हस्व आहे. पेनने मी तो दीर्घ करते. सरकारी कागदात असं करू नये, पण एवढ्याला कुणी काही म्हणणार नाही. मग बत्ता चिंचेने घासते. चकचकीत निघतो.

संध्याकाळी त्याच बत्त्याने तो खडा हिंग कुटते आणि आमटीला फोडणी देते. घरभर वास सुटतो. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी एकटीपुरतं ताट मांडून, सावकाश, पोटभर जेवते. आमटी कशी झालीय म्हणाल?

हरकत नाही.