अक्काची आखाजी

अक्का जेवायला बसायची ती घराकडे पाठ करून. सगळ्यांची पानं उठली की ताट घेऊन मागच्या दारात जायची आणि घास हातात धरून मावळतीच्या आभाळाकडे बघत राहायची. आई चिडवायची, "अक्का, आमची तोंडं बघून घास उतरत नाही का?" अक्का हसायची. डाळ गार होऊन जायची.

ती माझी आत्या. लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला आणि ती साक्रीकडच्या सासरहून धुळ्याला आमच्या घरी आली. नाना, म्हणजे माझे वडील, तिचे धाकटे भाऊ. आमची शिक्षणं, आजारपणं तिनंच निभावली. माझ्या बहिणीचं लग्न उरकलं आणि अक्कानं गाठोडं बांधलं. साक्रीपलीकडच्या जंगलात देवीचं पडकं ठाणं आहे, तिथे राहणार म्हणाली.

"काय शे तठे?" नाना कडाडले.

"काहीच नही. म्हनीसन तं जास. तुमनं बठ्ठासनं व्हई गयं भाऊ, आते मी कोन शे ते दखसू." सगळ्यांचं झालं, आता मी कोण ते बघणार, एवढंच तिचं कारण.

गेली. भावानं बहिणीला घराबाहेर काढलं, असं गल्ली बोलू लागली. नानांनी तिचं नावच टाकलं.

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी माहेरवाशिणी आल्या, लिंबाला झोके लागले. आई म्हणाली, "सगळ्यांच्या बहिणी आल्या. आपली कुठे आहे?" नाना पानावरून उठले, टोपी घातली, मला सोबत घेतलं. बहिणीला आणायला ते आयुष्यात पहिल्यांदाच निघाले होते.

बसमधून उतरून बरंच चाललो. देवीच्या ठाण्याजवळच्या खोपटापुढे, मोहाच्या झाडाच्या सावलीत अक्का बसली होती. "बसा," म्हणाली. पानांतलं ऊन अंगावर हलत होतं, कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मला वाटलं, आपण वर्षानुवर्षं इथेच बसलो आहोत. भांडायच्या तयारीनं आलेले नाना भांडण विसरून गेले. खूप वेळानं म्हणाले, "अक्का, आखाजी उनी. माहेरले चाल."

अक्का आली. पांढऱ्या केसांची अक्का पोरींच्या मधे डोळे मिटून झोका घेत होती. इतकी सुंदर ती मला कधीच दिसली नव्हती. सण सरला तशी म्हणाली, "भाऊ, जाऊ दे आते. घर मनी वाट दखी ऱ्हायनं."

त्या खोपटाला घर म्हणाली, ते नानांना लागलं. अंगणात येरझाऱ्या घालून ते आत आले आणि आईला म्हणाले, "तिनी ओटी भर."

विधवेची ओटी! अक्काचा पदर पुढे होईना. आईनं तो ओढून घेतला, गहू-नारळ घातला. दोघी रडल्या.

गल्ली दारात येऊन उभी होती. एकीनं विचारलंच, "अक्का कोठे चालन्यात?"

"तिना घर," नाना मोठ्यानं म्हणाले, आणि तिचं गाठोडं डोक्यावर घेऊन पुढे चालू लागले.